मॉर्फिन: परवानगीच्या पुढे जाणारा कायदा हवा

मंदसौर, नीमच आणि चित्तोडगडच्या पट्ट्यात हिवाळा सरता सरता अफूच्या बोंडांना चिरे देण्याचे काम सुरू होते. केंद्र सरकारच्या नार्कोटिक्स ब्युरोच्या परवान्यावर शेतकरी ही शेती करतात, निघालेला चीक सरकारच विकत घेते आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. औषधी वापरासाठी अफूचा चीक काढून तो कायदेशीर मार्गाने परदेशी पाठवणारा देश म्हणून भारताची अनेक दशकांची ओळख आहे. तरीही कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील भारतीय रुग्णाला याच चिकापासून बनणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाची गोळी आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळेल, याची खात्री आजही देता येत नाही. वेदनानिवारण आणि उपशामक उपचार, म्हणजे असाध्य आजारात रुग्णाचा त्रास कमी करणारे उपचार, या विषयावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशोदेशींची तुलना केली होती. तीव्र वेदना सोसणाऱ्या दर रुग्णामागे भारतात मॉर्फिनच्या मापाने वर्षाला ४३ मिलिग्रॅम औषध उपलब्ध होते, म्हणजे गरजेच्या सुमारे ४ टक्के. हाच आकडा चीनमध्ये ३१४, मेक्सिकोत ५६२ आणि अमेरिकेत ५५ हजारांहून अधिक होता. ४३ मिलिग्रॅम म्हणजे दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. दर चार तासांनी एक गोळी घ्यावी लागणाऱ्या रुग्णाला त्या एक दिवसही पुरत नाहीत, आणि तेवढे औषध त्याच्या वाट्याला वर्षभरासाठी येते.

ही स्थिती कायद्याने निर्माण केली, आणि पुढे कायद्यानेच ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला. अमली पदार्थांविषयीच्या केंद्रीय कायद्याला २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने रुग्णापर्यंत मॉर्फिन पोहोचवण्यातले मोठे अडथळे दूर केले, याबद्दल त्या दुरुस्तीसाठी झगडलेल्या डॉक्टरांचे आणि वकिलांचे ऋण मानले पाहिजे. मात्र त्या दुरुस्तीने औषध ठेवायला परवानगी दिली. ते ठेवण्याची जबाबदारी कोणावरही टाकली नाही. ती जबाबदारी टाकणारा कायदा करणे आता राज्यांच्या हातात आहे, महाराष्ट्राने तो करावा आणि लवकर करावा, असे माझे मत आहे.

मॉर्फिनविषयी बोलताना त्याची गरज कोणाला असते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कर्करोगाच्या अखेरच्या काळात सुमारे ८० टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र वेदना होतात. भारतात दरवर्षी कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळतात आणि नऊ लाखांहून अधिक माणसे या आजाराने मरतात. तोंडाचा, गर्भाशयमुखाचा किंवा हाडांत पसरलेला कर्करोग ज्यांनी घरात पाहिला आहे, त्यांना या वेदनेचे वर्णन करून सांगावे लागत नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेनसारखी औषधे एका मर्यादेनंतर उपयोगी पडत नाहीत. उलट ती वाढवत नेली तर यकृत, मूत्रपिंड आणि जठर यांना इजा होते. मॉर्फिनला अशी ठरावीक कमाल मात्रा नसते. जाणकार डॉक्टर वेदनेच्या प्रमाणात ते हळूहळू वाढवू शकतो. बद्धकोष्ठता, मळमळ, सुरुवातीच्या दिवसांतली गुंगी हे त्याचे दुष्परिणाम माहीत असलेले आणि बहुधा आटोक्यात ठेवता येणारे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते १९७७ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. शिवाय ते स्वस्त आहे. त्यावर कोणाचे पेटंट नाही, आणि कदाचित त्यामुळेच डॉक्टरांच्या दारी जाऊन त्याची महती सांगणारा कोणी प्रतिनिधीही नाही.

अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे बोलीभाषेतला एनडीपीएस कायदा, १९८५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत आला आणि १४ नोव्हेंबरला अमलातही आला. तस्करीला जरब बसावी या हेतूने त्यात किमान दहा वर्षे सक्तमजुरीची तरतूद होती, आणि सापडलेला माल किती यानुसार शिक्षेत फरक करण्याची सोय २००१ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हती. औषधी वापराला कायद्याने मनाई केलेली नव्हती. मात्र मॉर्फिनसारख्या तयार औषधांचा साठा, वाहतूक आणि विक्री यांचे नियम करण्याचा अधिकार कलम १० ने राज्यांना दिला, आणि प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. रुग्णालयाला परराज्यातून मॉर्फिन मागवायचे असेल तर ते बाळगण्याचा परवाना वेगळा, राज्यात आणण्याचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा, आणि पुरवठादाराच्या राज्यातून ते बाहेर पाठवण्याची परवानगी आणखी वेगळी. हे कागद उत्पादन शुल्क, आरोग्य आणि औषध नियंत्रण अशा निरनिराळ्या खात्यांतून मिळवावे लागत, आणि सगळे एकाच वेळी वैध असावे लागत. शेवटचा परवाना हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. त्यात नोंदवहीतील चूकही फौजदारी ठरू शकते ही धास्ती होती. रुग्णालयांच्या आणि औषध दुकानदारांच्या जागी कोणीही असता तरी हे औषध ठेवणेच नको, असे म्हणाला असता. तेच झाले. १९८५ नंतर देशातला मॉर्फिनचा औषधी वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला आणि १९९७ साली संपूर्ण भारतात तो जेमतेम १८ किलो उरला.

या घसरणीची किंमत फक्त त्या वर्षांतल्या रुग्णांनी मोजली असे नाही. सुमारे तीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी मॉर्फिनची गोळी रुग्णाला दिलेली पाहिलीच नाही. जे औषध शिकताना हाताळले नाही, ते व्यवसायात लिहून देण्याचे धाडस होत नाही, आणि ज्याची चिठ्ठी येत नाही ते कोणी साठवत नाही. कायद्याने औषधाबरोबर त्याचे ज्ञानही नाहीसे केले. कायदा बदलल्यावर औषध परत आणता येते, पण गेलेले ज्ञान इतक्या सहज परत येत नाही. पुढे जे घडले, त्याचे सगळ्यांत महत्त्वाचे कारण मला हे वाटते.

या काळातही काही माणसे स्वस्थ बसली नव्हती. १९९३ पासून कोझिकोडमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य आजाराच्या रुग्णांसाठी बाह्यरुग्ण सेवा आणि घरभेटी सुरू केल्या. आईला कर्करोगाच्या वेदनेत मॉर्फिन मिळवून देता आले नाही म्हणून एका औषधशास्त्रज्ञ मुलाने पाठपुरावा केला आणि प्रकरण १९९८ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी केंद्राच्या महसूल विभागाने राज्यांना सोपे आदर्श नियम पाठवले: अनेक परवान्यांऐवजी औषध नियंत्रकाने दिलेली एकच मान्यता पुरेशी मानावी. केरळने ते लवकर स्वीकारले. अनेक राज्यांनी ते वर्षानुवर्षे स्वीकारले नाहीत, आणि काहींनी नियम बदलूनही अंमलबजावणी केली नाही. २००७ साली भारतीय उपशामक उपचार संघटना आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१४ च्या फेब्रुवारीत, पंधराव्या लोकसभेच्या शेवटच्या दिवसांत, अखेर एनडीपीएस दुरुस्ती मंजूर झाली. तिने ‘आवश्यक अमली औषधे’ हा नवा वर्ग निर्माण केला, त्यांचे नियमन राज्यांकडून केंद्राकडे घेतले, आणि अमली पदार्थांचा गैरवापर रोखण्याच्या बरोबरीने त्यांचा वैद्यकीय व शास्त्रीय उपयोग होऊ देणे हेही केंद्राचे कर्तव्य म्हणून कायद्यात नोंदवले. २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे या वर्गात आली. ज्या संस्थेत वेदनानिवारणाचे प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर आहे, तिला राज्याच्या औषध नियंत्रकाने ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून नोंदवले की पुरे, असा देशभर एकच नियम झाला.

म्हणजे गेल्या दशकभरात कायदेशीर अडथळा बहुतांशी उरलेला नाही. तरीही जिल्ह्याजिल्ह्यांत मॉर्फिन का नाही? कारण मान्यतेसाठी अर्ज करण्याची सक्ती कोणावर नाही. एखाद्या जिल्हा रुग्णालयाने हा अर्ज कधीच केला नाही, तर त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. उलट अर्ज केला तर नोंदवह्या, वार्षिक गरजेचा अंदाज, तपासणी आणि कपाटाला कुलूप हे सगळे मागे लागते. ज्या अधिकाऱ्याला औषध ठेवल्याने जोखीम आहे आणि न ठेवल्याने काहीही होणार नाही, तो काय करील हे उघड आहे. त्या अधिकाऱ्याला दोष देऊन भागणार नाही; नियमांची रचनाच त्याला तसे वागायला लावते.

या औषधाविषयीची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पंजाबातील घरे अमली पदार्थांनी पोखरली गेली आहेत. अमेरिकेत १९९६ नंतर ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांच्या आक्रमक विक्रीतून सुरू झालेल्या संकटाने लाखो माणसांचा बळी घेतला, आणि त्या गोळ्या विकणाऱ्या पर्ड्यू फार्माने २०२० साली न्यायालयात गुन्हे कबूल केले. मात्र तिथे काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. पाठदुखी, सांधेदुखी, दात काढल्यानंतरचे दुखणे अशा कारणांसाठी, व्यसनाचा धोका नगण्य आहे असे डॉक्टरांना सांगून, एका पेटंट असलेल्या महागड्या औषधाचा प्रचंड खप वाढवण्यात आला. भारतात मागणी आहे ती असाध्य आजाराच्या रुग्णासाठी, प्रशिक्षित डॉक्टरच्या हातून, मोजून दिल्या जाणाऱ्या स्वस्त गोळीची. अमेरिकेच्या अनुभवाचा धडा घ्यायचा तर तो असा, की कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना आणि दीर्घकालीन साध्या दुखण्यांसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या चिठ्ठ्यांना आवर घाला. कर्करोगाच्या रुग्णाला वेदनेत ठेवा, असा धडा त्यातून निघत नाही.

गैरवापराबद्दल भारतातला पुरावाही उपलब्ध आहे. कोझिकोडच्या सेवेतून दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी नेण्यासाठी देण्यात आल्या, आणि त्यांत गैरवापराचे किंवा औषध बाहेर जाण्याचे एकही प्रकरण आढळले नाही. हा अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औषध खरोखर कुठून गळते, हे पाहायचे असेल तर फेब्रुवारी २०२५ मधली घटना पुरेशी आहे. टॅपेंटाडॉल हे तीव्र वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध यांचे मिश्रण असलेल्या भारतीय गोळ्या पश्चिम आफ्रिकेत व्यसनासाठी विकल्या जात असल्याचे बीबीसीच्या शोधवृत्तातून उघड झाले, आणि त्यानंतर केंद्राला त्या मिश्रणाच्या उत्पादनाच्या आणि निर्यातीच्या परवानग्या मागे घ्याव्या लागल्या. हा माल कोणा रुग्णाच्या उशाखालून गेलेला नव्हता. तो कारखान्यातून, खोक्यांत भरून गेला होता. टॅपेंटाडॉल आवश्यक अमली औषधांच्या सहा नावांत नाही. ज्या गोळीची रुग्णागणिक नोंद ठेवली जाते तिच्यावर पहारा, आणि जी कारखान्यांतून घाऊक बाहेर पडते तिच्याकडे उशिरा गेलेले लक्ष, असा हा उलटा क्रम आहे. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक एनडीपीएसखाली आणले गेले तेव्हाही तस्करी हेच कारण होते. ते कारण खरे असले, तरी मॉर्फिन दुर्मीळ असलेल्या गावांत डॉक्टरांच्या हाती उरलेले त्यातल्या त्यात प्रभावी वेदनाशामक तेच होते, याचा विचार त्या निर्णयाबरोबर व्हायला हवा होता. एक औषध अवघड करताना दुसरे सोपे केले नाही, तर भार रुग्णावरच येतो.

आता महाराष्ट्राकडे वळतो. या विषयात महाराष्ट्र मागासलेला असण्याचे काही कारण नाही. देशातले पहिले हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणारे केंद्र, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले आणि पुढे त्याची शाखा गोव्यातही झाली. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने उपशामक वैद्यकातले पदव्युत्तर शिक्षण देशात सुरू करण्यात पुढाकार घेतला. केरळनंतर उपशामक उपचारांचे धोरण स्वीकारणाऱ्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र आहे. ज्ञान इथेच आहे, पण ते मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत गोळा झाले आहे. गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा रुग्ण परळला तपासून, आता घरी न्या असे ऐकून परततो, तेव्हा त्याच्या पिशवीत काही आठवड्यांच्या गोळ्या असतात. त्या संपल्यावर नातेवाइकांपैकी एकाने मजुरी बुडवून, रेल्वेचा एक रात्रीचा प्रवास करून पुन्हा मुंबई गाठायची, ही व्यवस्था नव्हे. शिवाय मॉर्फिन अचानक बंद झाले की वेदना परत येतेच, आणि त्याबरोबर शरीराला सवय झालेले औषध तुटल्याचा त्रासही होतो. म्हणून अधूनमधून मिळणारे मॉर्फिन हा पुरवठा मानताच येणार नाही.

राज्याला कायदा करण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न रास्त आहे. आवश्यक अमली औषधांचे नियमन आता केंद्राकडे आहे आणि शिक्षेच्या तरतुदींना राज्य हात लावू शकत नाही. पण सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचे विषय आहेत. आपल्या रुग्णालयांनी कोणती सेवा दिलीच पाहिजे हे ठरवायला विधिमंडळाला कोणाची परवानगी लागत नाही. राजस्थानने २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदा केला. त्याच्या अंमलबजावणीबद्दल वाद आहेत, पण राज्य असा कायदा करू शकते हे त्यातून दिसले. महाराष्ट्राच्या कायद्यात मला सर्वांत आधी हवी आहे ती एक साधी तरतूद: प्रत्येक जिल्हा रुग्णालय, प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि केमोथेरपी देणारे प्रत्येक खाजगी रुग्णालय ठरावीक मुदतीत मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था झालेच पाहिजे, आणि तोंडाने घ्यायचे मॉर्फिन त्याच्याकडे कायम उपलब्ध असलेच पाहिजे. खाजगी रुग्णालयांचा समावेश मी मुद्दाम करतो. कर्करोगाच्या उपचारांचे पैसे घेणाऱ्या संस्थेने उपचार थांबल्यावर वेदनेची जबाबदारी दुसऱ्यावर सोडावी, हे मला मान्य नाही.

संस्थेने अर्ज केल्यावर अन्न व औषध प्रशासनाने तो किती दिवसांत निकाली काढायचा, हेही बांधून दिले पाहिजे. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून अस्तित्वात आहे. त्याखाली सेवा अधिसूचित केली की मुदत, अपील आणि विलंबाबद्दल दंड हे सगळे आपोआप लागू होते. सरकारने फक्त ही मान्यता त्या यादीत ठेवून तिची कार्यवाही कसोशीने करायची आहे. प्रशिक्षणाचा मुद्दा याहून अवघड आहे. प्रशिक्षित डॉक्टर एकच असेल आणि त्याची बदली झाली, तर मान्यता कागदावर राहते आणि कपाट बंद होते. म्हणून प्रत्येक संस्थेत किमान दोन डॉक्टरांचे प्रशिक्षण बंधनकारक करावे लागेल, आणि बदलीच्या आदेशाआधी त्यांच्या जागी प्रशिक्षित माणूस आहे का हे पाहावे लागेल. टाटा मेमोरियलसारख्या संस्था हे प्रशिक्षण देऊ शकतात. डॉक्टरांना त्यासाठी सोडण्याचा निर्णय मात्र आरोग्य विभागाचा आहे.

परिचारिकांबाबतही धीटपणे विचार व्हावा. युगांडाने २००४ साली कायदेशीर तरतूद करून खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याची मुभा दिली. भुकटीपासून देशातच बनवलेले पातळ मॉर्फिन तिथे खेड्यापाड्यांतल्या रुग्णांच्या घरी पोहोचते. आपल्यापेक्षा कितीतरी गरीब देशाने हे केले आहे. आपल्याकडे डॉक्टरने मात्रा ठरवून दिल्यावर गृहभेटीतील परिचारिकेने पुढच्या गोळ्या पोहोचवणे आणि वेदनेची नोंद घेणे, एवढ्यापासून तरी सुरुवात करता येईल. नोंदीतील प्रामाणिक चुकीसाठी आधी औषध प्रशासनाने चौकशी करावी आणि गैरव्यवहाराचा संशय असेल तरच प्रकरण पोलिसांकडे जावे, अशी लेखी कार्यपद्धतीही राज्य आखू शकते. शिक्षा केंद्राच्या कायद्यात आहे; पण आपली यंत्रणा आधी कोणाच्या दारात जाईल, हे राज्याच्या हातात आहे.

खर्चाचा आक्षेप फार काळ टिकत नाही. जगभरातील मॉर्फिनची तूट भरून काढायला वर्षाला सुमारे १४.५ कोटी डॉलर पुरतील, असा लॅन्सेट आयोगाचा हिशेब होता, आणि तो संपूर्ण जगाचा होता. राज्याच्या आरोग्य अंदाजपत्रकात मॉर्फिनच्या गोळ्यांचा खर्च शोधूनही सापडणार नाही इतका लहान राहील. खरा खर्च माणसांचा आणि त्यांच्या वेळेचा आहे, आणि तो करावा लागेल.

शेवटी, या कायद्यात दरवर्षीच्या अहवालाचे कलम असावे. कोणत्या जिल्ह्यात वर्षभरात किती रुग्णांना किती मिलिग्रॅम मॉर्फिन दिले गेले, साठा किती दिवस संपलेला होता आणि मान्यतेचे किती अर्ज प्रलंबित आहेत, हे आकडे अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी विधिमंडळापुढे ठेवले जावेत. नोंदवह्या ठेवण्याचे बंधन आजही आहेच. तीच माहिती एकत्र करून प्रसिद्ध करायची आहे. जिथे आकडा शून्य असेल तिथल्या आमदाराला सभागृहात विचारता येईल की माझ्या जिल्ह्यातले कर्करोगाचे रुग्ण कुठे जातात, आणि आरोग्यमंत्र्यांना त्याचे उत्तर जिल्ह्याच्या नावानिशी द्यावे लागेल.